स्लाइडवरचा लाल ठिपका

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. ज्याला आधी सांगायला हवी होती तो गेल्या श्रावणात गेला. दुसरा आहे, तो कुर्डुवाडीत सायकलींचे पंक्चर काढत बसलाय. सिद्रामप्पांच्या ट्रॉम्बोनला पोचा मी पाडला. माझ्या घराच्या कुलपाच्या किल्लीनं, भर दुपारी, त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या कार्यालयात. चुकून नाही, पाडायचा म्हणून पाडला.

सोलापुरात कोर्टाबाहेर मी टायपिंग करतो. आधी मशीनवर करत होतो, आता कॉम्प्युटरवर. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ हे शब्द माझी बोटं झोपेतही टाइप करतील. एवढ्या वर्षांत शेकडो लोकांचं खरंखोटं या बोटांखालून गेलं, माझं स्वतःचं तेवढं राहिलं.

लग्नसराईत मी बँडमध्ये वाजवायचो. शुक्रवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी आमची खोली होती. लाल कोट, सोनेरी गोंडे, भिंतीला ढोल. आमच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन दोन. माझा बटनाचा. तीन बटनं, ट्रम्पेटला असतात तशी. दाबली की सूर बदलतो. दुसरा सिद्रामप्पांचा, म्हणजे आमच्या अप्पांचा, स्लाइडचा. त्याला बटन नाही, काही नाही. एक लांब नळी दुसऱ्या नळीवरून पुढं-मागं सरकवायची, हात जिथं थांबेल तिथं सूर. असा ट्रॉम्बोन वाजवणारा माणूस वरातीच्या बँडमध्ये सहसा सापडत नाही. गल्लीबोळात गर्दीत हात लांब करायला जागा कुठं असते? म्हणून सगळे बटनाचा घेतात. अप्पांनी घेतला नाही. ते सगळ्यांच्या पुढं चालायचे, म्हणजे समोर मोकळं राहायचं.

तरी एकदा बोळात वळताना त्यांची स्लाइड नवऱ्याच्या मामाच्या फेट्यात घुसली आणि अख्खा फेटा वर उचलला गेला. मामा बोडका. आम्ही सगळे गार. अप्पांनी सूर सोडला नाही. फेटा तसाच स्लाइडच्या टोकावर, सूर खाली घसरत आला, हात मागं आला, आणि फेटा पुन्हा मामाच्या डोक्यावर. थोडा तिरका बसला एवढंच. मामा म्हणाला, “पुन्ना करा की!” अप्पा म्हणाले, “पाव्हनं, एका लग्नाला येकदाच.”

दिवसा ते चादरीच्या एका दुकानात घड्या घालायचे. उंच, हडकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. लाल कोटाच्या आत गळ्यात इष्टलिंग असायचं. ते कोटाच्या बटनात अडकू नये म्हणून वरचं बटन ते कधी लावायचे नाहीत, आणि मास्तर, म्हणजे आमचे बँडमास्तर, दर वरातीला लावायला सांगायचे. उजवा हात डाव्यापेक्षा लांब झालाय असं लोक म्हणायचे. चादरी झटकून असेल, नाहीतर स्लाइड ओढून. स्लाइडला ते शिलाई मशीनचं तेल घालायचे, दोनच थेंब, आणि धोतराच्या जुन्या तुकड्यानं पुसायचे. त्या तुकड्यालासुद्धा दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

“सुराला जिना नसतो, टायपिस्ट,” मला ते म्हणायचे, “उतार असतो. तू येक येक पायरी मोजत चढतोस. मी वरनं घसरत येतो.”

टायपिस्ट. माझं नाव दत्तू. अप्पांनी ते पहिल्या वर्षीच पुसून टाकलं. मी वाजवायला लागलो की ते ओठांनी ‘खट् खट् खट्’ करायचे. “कुनाचा अर्ज लिवतोयस रं आज?” आणि माझी ओळ संपली की ‘टिंग’. जुन्या मशीनवर ओळ संपली की घंटी वाजते ना, तशी. मग सगळा बँडच टिंग करायला लागला. ढोलवाला काठीनं झांजेला हळूच शिवायचा: टिंग. एका लग्नात माझे मेहुणे होते, त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून सासुरवाडीला मी पानावर शेवटचा घास खाल्ला की कुणीतरी म्हणणार, टिंग. एकदा माझी बायको हसली. मेहुणे हसले त्याचं काही वाटलं नव्हतं. बायको हसली ते मी तीन वर्षं पोटात ठेवलं.

खोटं कशाला बोलू, अप्पा वाजवायला लागले की मी माझी ओळ सोडून ऐकत राहायचो. त्यांच्या स्लाइडला बोलता यायचं. घरी ते कानडी बोलायचे, आणि त्यांची गौरा लहान असताना बोळाच्या टोकाला खेळत असली की हाक मारायला ते ओट्यावर येऊन फक्त ट्रॉम्बोन तोंडाला लावायचे. सूर खालून वर चढत जायचा: ‘बाऽऽ’. बा म्हणजे ये. पोरगी कुठूनही धावत यायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, सिद्रामप्पाचा बाजा कानडी बोलतो.

कानडी घरात निघालेल्या माणसाला नुसतं ‘जा’ म्हणत नाहीत. ‘होगि बा’ म्हणतात. जाऊन ये. आपल्याकडं जाणारा ‘येतो’ म्हणतो, तसंच. अप्पांनी ठरवून ठेवलं होतं, गौरा सासरी निघेल तेव्हा तोंडानं काही बोलायचं नाही. स्लाइडवर म्हणायचं. ‘होगि’ म्हणजे दोन आखूड सूर, हात जवळच राहतो. आणि ‘बा’ला हात पूर्ण लांब. महिनाभर ते दुकानातून आल्यावर तेवढंच वाजवायचे. होगि, बाऽऽ. होगि, बाऽऽ.

लग्नाच्या दिवशी आम्ही सगळा बँड आपल्याच घरचं कार्य म्हणून आलो होतो. सकाळी सूर जुळवताना आमचे क्लॅरिनेटवाले युनूसभाई पाहुण्यांच्या देखत बोलले, “अप्पा, सूर उतर्‍या तुमारा.” युनूसभाईंचा स्वभावच तसा. कान तिखट, जीभ सरळ. अप्पांचा चेहरा पडला. पोरीचा बाप, व्याही समोर. “माजा सूर मला ठावं हाय,” एवढंच म्हणाले.

मग माझ्याकडं वळले. सकाळचा राग कुणावर तरी निघायचाच होता. नव्या जावयाच्या समोर मला म्हणाले, “आन् तू, टायपिस्ट, पाठवनीला बाजाला हात लावू नगंस. माज्या लेकीची पाठवनी हाय, वकीलपत्र न्हाय.”

जावई हसला. मागं कुणीतरी केलं: टिंग.

जेवणाच्या पंक्ती उठत होत्या. अप्पा पाहुण्यांत होते. वाद्यं आम्ही कार्यालयाच्या मागच्या खोलीत ठेवली होती. युनूसभाई तिथंच कोपऱ्यात पत्रावळीवर जेवत होते. ते हात धुवायला उठले. तेवढ्या वेळात मी अप्पांची पेटी उघडली.

स्लाइडची बाहेरची नळी कांद्याच्या पातीसारखी पातळ असते. बटनाच्या ट्रॉम्बोनला पोचे पडले तरी चालतं. माझ्या बाजाला अकरा पोचे होते, वाजत होता. स्लाइडला मात्र ज्वारीच्या दाण्याएवढा पोचा पडला तरी आतली नळी अडते. हे मला अप्पांनीच शिकवलं होतं, पेटीला हात लावू नये म्हणून. हात जवळ असेपर्यंत काही कळणार नाही आणि लांब करायला गेलं की अडेल, अशी मधली जागा मी बघून घेतली. किल्लीचा दांडा टेकवला आणि तळहातानं एक ठोका दिला. आवाजसुद्धा झाला नाही. युनूसभाई हात पुसत आले तेव्हा मी पाणी पीत होतो.

पाठवणीला गाडी कार्यालयाच्या दारात. गौरा आत बसली, काच खाली. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. अप्पांनी ट्रॉम्बोन तोंडाला लावला.

होगि.

आणि हात पुढं गेला, आणि अडला. खर्र झालं. सुराच्या जागी वासराचा गळा आवळल्यासारखं काहीतरी निघालं. व्याह्यांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. अप्पांनी जोर लावला. जागचं हललं नाही. गौरा खिडकीतून बघत होती, बघतच राहिली. ती ‘बा’ची वाट बघत होती. ड्रायव्हरला काय कळणार? त्यानं गाडी काढली.

अप्पा अर्धा हात लांब करून तसेच उभे. लेकीला ते नुसतं ‘जा’ म्हणाले होते.

सगळे पांगल्यावर त्यांनी स्लाइड उन्हात धरली, बोटं फिरवत नेली. बोट थांबलं.

“ह्यो पडलेला पोचा न्हाय,” ते म्हणाले. “पाडलेला हाय.”

मग माझ्याकडं बघितलं. “युनूस हुता न्हवं तितं? जेवाय बसला हुता.”

मी म्हणालो, “व्हय.”

तो शब्द खोटा नव्हता. युनूसभाई होतेच तिथं. कोर्टाबाहेर मी असे कागद रोज टाइप करतो: एकही शब्द खोटा नाही, आणि सगळा कागद खोटा. ‘तूबी हुतास का’ असं अप्पांनी विचारलं नाही. टायपिस्टाला एवढी छाती असेल असं त्यांना वाटलंच नसणार.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. “तुजा जुना बाजा हाय न्हवं पडून? बटनाचा. दे. आन् शिकीव मला.”

“अप्पा, स्लाइड पुण्याला देऊन दुरुस्त करून आणू की,” मी म्हणालो. तेवढं मात्र मनापासून म्हणालो.

“दुरुस्त? त्यो पुरावा हाय.”

त्यांनी स्लाइड बँडच्या खोलीत भिंतीला टांगली, युनूसभाई बसायचे त्या जागेच्या बरोबर वर. पोचा बाहेरच्या बाजूला. त्याच्याभोवती ऑइलपेंटनं लाल ठिपका काढला. युनूसभाईंना एका शब्दानं विचारलं नाही. मी म्हणालो, विचारा तरी त्यांना. अप्पा म्हणाले, “इचारलं तर त्यो न्हाय म्हनंल. आन् त्यो न्हाय म्हनाला तर मला त्येला सोडावं लागंल. मला सोडायचं न्हाय.”

मग मी त्यांना बटनं शिकवली. हेही टाइप करून ठेवतो: मला बरं वाटत होतं. जो माणूस मला खट् खट् करायचा तो माझ्यापुढं मांडी घालून बसला होता, पहिलं बटन, दुसरं बटन, पहिलं-तिसरं. दुकानात चादरींवर त्यांची तीन बोटं चालायची. चहाच्या पेल्यावर, स्वतःच्या गुडघ्यावर, देवळात हात जोडलेले असतानाही. एकदा मी मुद्दाम म्हणालो, “अप्पा, टायपिंग चाललंय जनू.” ते हसले नाहीत. “व्हय,” म्हणाले, “लिवतोय येकाचा अर्ज.”

बटनाच्या ट्रॉम्बोनला उतार येत नाही, पण पळता येतं. स्लाइड ओढत जे कधी जमलं नसतं ते बटनावर जमतं: भरभर ताना, गिरक्या, क्लॅरिनेटच्या जागा. अप्पांना तेवढंच हवं होतं. दुसऱ्या सराईत मोहोळला एका लग्नात एका गाण्याची सुरुवात युनूसभाईंची होती. त्या जागेसाठी लोक त्यांना नावानं ओळखायचे. त्यांनी श्वास भरला, आणि अर्धा ठोका आधी अप्पा आत घुसले. सगळी तान बटनावर, एकही सूर न सांडता. लोकांनी शिट्ट्या मारल्या. युनूसभाईंचा श्वास तसाच राहिला, क्लॅरिनेट ओठाजवळ.

मग ते रोजचंच झालं. एक एक करून अप्पांनी त्यांची प्रत्येक जागा घेतली. मास्तरांनी चालू दिलं, गिऱ्हाईक खूश होतं. युनूसभाईंच्या वाट्याला मागचे लांब सूर राहिले.

“अप्पा,” एकदा ते म्हणाले, “मेरा हिस्सा तो मेरेकू बजाने देव ना. मैं क्या बिगाड्या तुमारा?”

अप्पांनी नुसतं भिंतीकडं बघितलं. युनूसभाईंनीही बघितलं. “ये टांगके कायकू रख्या?” त्यांनी मला विचारलं. “दुरुस्त होता ना ये.”

मी खांदे उडवले. तिथं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. अप्पांची भीती होती हे खरं, पण सगळं खरं नाही. मला तो खेळ आवडत होता. मी एक ठोका मारला होता, आणि अप्पा तो रोज नव्यानं मारत होते, आणि माझ्या हाताला काही लागत नव्हतं. टिंग करायचंही सगळे विसरले होते.

तीन सराया युनूसभाई टिकले. मग क्लॅरिनेट पेटीत घालून कुर्डुवाडीला मेहुण्याच्या सायकल दुकानात गेले. मला वाटलं संपलं.

संपलं नव्हतं. पुढच्या वर्षी कुर्डुवाडीच्या एका लग्नाची सुपारी आली. वरात स्टेशनच्या रस्त्यानं जाणार होती. अप्पा मास्तरांना काहीतरी बोलले आणि वरात बरोबर त्या दुकानासमोर थांबली. अप्पांनी युनूसभाईंचं तेच गाणं सुरू केलं. सगळ्या ताना, सगळ्या गिरक्या. एकदा झालं. पुन्हा पहिल्यापासून. मी शेजारी उभा राहून साथ करत होतो, खट् खट्.

युनूसभाई बाहेर आले. हात काळे, खांद्यावर ट्यूब. शेवटपर्यंत उभे राहून ऐकलं. मग फडक्याला हात पुसत पुढं आले.

“भौत अच्छा बजाये अप्पा,” ते म्हणाले. “पन वो तुमारा स्लाइडवाला कां है? उसकी याद आती. वो बोलता था.”

त्यांना मनापासून विचारायचं होतं. अप्पांना तो टोमणा वाटला. त्यांचे ओठ पांढरे पडले. “चला,” एवढंच म्हणाले. गाडीत परतताना मोहोळ आल्यावर म्हणाले, “बघितलास? तोंडावर इचारतो. लई निर्ढावलेला हाय.”

आता शेवटचं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात अप्पांनी बोलावलं म्हणून गेलो. बँड त्यांनी कधीच सोडला होता, छाती साथ देत नव्हती. गौरा आली होती. ती चांगली नांदत होती, यायची-जायची, तिला काही कमी नव्हतं. पण प्रत्येक वेळी ती निघाली की अप्पा आत जाऊन बसायचे. तोंडानं ‘होगि बा’ त्यांनी तिला कधी म्हटलं नाही. जे तोंडानं म्हणायचं नाही असं ठरवलं ते नाहीच.

त्या दिवशी मात्र ते ओट्यावर आले. मी दिलेला बटनाचा ट्रॉम्बोन हातात. बोळाच्या तोंडाशी रिक्षा उभी. गौरा पिशव्या घेऊन वळली. अप्पांनी बाजा तोंडाला लावला. होगि. मग पहिलं बटन अर्धंच दाबून धरलं. बटन अर्धं दाबलं तर सूर थोडा घसरतो, स्लाइडची नक्कल होते. बरीच वर्षं ते चोरून तेवढंच करत होते हे मला तेव्हा कळलं. सूर थोडा चढला, फुटला, खोकल्यात गेला. गौरा थांबली. अप्पांनी तिला हातानंच ‘जा’ म्हणून सांगितलं. रिक्षा गेली.

मला म्हणाले, “भितीवरनं ती काड.” स्लाइड त्यांनी घरी आणून लावली होती. लाल ठिपका तसाच, थोडा काळवंडलेला. “तू ने. माज्यामागं ही मोडीत जाईल. तू हुतास तितं. तू साक्षीदार. युनूस कदी भेटला तर त्येच्या म्होरं धर. म्हनावं, सिद्रामप्पानं सोडलं न्हाय.”

तोंडात आलं होतं. शपथेवर सांगतो, जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, “व्हय.”

स्लाइड काढून घेऊन निघालो. वळून बघितलं तेव्हा ते ओट्यावर बसले होते, मांडीवर बटनाचा ट्रॉम्बोन, आणि उजवा हात अर्धा लांब करून काहीतरी धरल्यासारखा. बटनाच्या बाजाला तसा हात लागत नाही.

श्रावणात अप्पा गेले. स्लाइड माझ्या घरी आहे, पेटीत. किल्लीही तीच, कुलूपही तेच. दोनदा कुर्डुवाडीचं तिकीट काढलं. एकदा स्टेशनावर उतरलो आणि दुकानाच्या अलीकडूनच परत फिरलो. युनूसभाई हवा भरत होते. केस पांढरे झालेत.

हे सगळं टाइप केलंय, पण टाइप करून भागणार नाही हे मला कळतं. अप्पांना दोनदा ‘व्हय’ म्हणालो तिथं ‘न्हाय, युनूसभाईंनी न्हाय, मी पाडला’ म्हणायला हवं होतं, ते राहून गेलं. युनूसभाई आहेत अजून. त्यांच्या दुकानासमोर भर रस्त्यात, त्यांच्या माणसांच्या देखत, माझ्या तोंडानं मी त्यांना एक ‘न्हाय’ देणं लागतो.